चारशे बारापैकी चारशे बारा

कुमुदताईंनी तिसऱ्यांदा वय साठाचं सहा केलं, तिसऱ्यांदा प्रिंट दाबलं, आणि तिसऱ्यांदाही रिपोर्ट अगदी बरोबर आला. क्रिएटिनिनचा आकडा ठळक, त्याच्या शेजारी चांदणी. सहा वर्षांच्या मुलीच्या रिपोर्टवर हवा होता तसाच. तो चुकीचा यावा म्हणून त्या सकाळपासून धडपडत होत्या आणि तो काही केल्या चुकत नव्हता.

"काल असं नव्हतं," त्या म्हणाल्या. "काल चांदणी आलीच नाही. आकडा साध्या अक्षरात होता. मी दोनदा पाहिलं."

मीटिंग रूममध्ये आम्ही चौघं होतो. आमचे साहेब सबनीस, रिपोर्टचा कोड लिहिणारी शर्वरी, कुमुदताई आणि मी. ही नऊ वर्षांपूर्वीच्या जानेवारीतली गोष्ट. नाशिकला गंगापूर रोडवर, रंगाच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं आणि आम्ही पॅथॉलॉजी लॅबसाठी सॉफ्टवेअर बनवायचो. रक्ताचे आकडे यंत्रातून यायचे, पेशंटचं वय पाहून आमचं सॉफ्टवेअर ठरवायचं की आकडा ठीक आहे की धोक्याचा, आणि धोक्याचा असेल तर ठळक छापून शेजारी चांदणीची खूण द्यायचं. क्रिएटिनिन एक पूर्णांक एक असेल तर मोठ्या माणसाला काही नाही. सहा वर्षांच्या पोरीला असेल तर मूत्रपिंडाकडे बघायला हवं. लॅबच्या काउंटरवर घाईत सहाचे साठ व्हायचे आणि मग कुणीतरी ते दुरुस्त करायचं. कुमुदताईंचं म्हणणं असं, की वय दुरुस्त केल्यावर कधीकधी सॉफ्टवेअर जुन्याच वयाला चिकटून राहतं.

"कधीकधी म्हणजे कधी?" शर्वरीनं विचारलं.

"ते मला कळत नाही ना. आतापर्यंत तीनदा दिसलंय."

सबनीसांनी माझ्याकडे पाहिलं. "मिहीर, तुझ्या टेस्ट काय म्हणतात?"

मी लॅपटॉप त्यांच्याकडे फिरवला. आदल्या दिवशीचा निकाल उघडाच ठेवला होता. चारशे बारापैकी चारशे बारा पास. सगळं हिरवंगार. त्यात वय दुरुस्त करण्याच्या अकरा टेस्ट होत्या, त्याही मी मोजून दाखवल्या. तेव्हा मी सत्तावीस वर्षांचा होतो आणि त्या हिरव्या रंगाचा मला भारी माज होता.

कुमुदताई आहेर बावन्न वर्षांच्या. अठ्ठावीस वर्षं त्यांनी एका लॅबमध्ये टेक्निशियन म्हणून काढली होती. ती लॅब बंद पडल्यावर आमच्याकडे टेस्टर म्हणून आल्या. कोडिंग त्यांना येत नव्हतं, पण रिपोर्ट हातात घेतला की एका नजरेत सांगायच्या, हा माणूस दारू पितो, ही बाई गरोदर असणार. आम्ही त्यांना चिडवायचो, ताई, आमचं भविष्यही सांगा. त्यांच्याकडे निळ्या शाईनं लिहिलेली एक वही होती आणि तिच्यावरून त्या आमचं प्रत्येक नवीन व्हर्जन हातानं तपासायच्या. त्याला चार दिवस लागायचे. माझ्या टेस्ट तेच काम चाळीस मिनिटांत करायच्या. म्हणून साहेबांनी ठरवलं होतं, तीन व्हर्जन दोघांनी बरोबरीनं तपासायची. माझ्या टेस्टमधून काही निसटलं नाही, तर हातानं तपासणं बंद. म्हणजे कुमुदताईही बंद. हे कुणी त्यांच्या तोंडावर बोललं नव्हतं, पण त्यांना कळत होतं. ती मीटिंग तिसऱ्या व्हर्जनची होती.

माझं काम काय होतं ते थोडक्यात सांगतो. ऑटोमेटेड टेस्ट म्हणजे कॉम्प्युटरनं सॉफ्टवेअरची घेतलेली तोंडी परीक्षा. प्रत्येक टेस्टमध्ये एक विधान ठासून लिहिलेलं असतं, की इथे उत्तर अमुकच यायला हवं. त्याला ॲसर्शन म्हणतात. उत्तर वेगळं आलं की ॲसर्शन फसतं, टेस्ट जागच्या जागी थांबते आणि पडद्यावर लाल फुली येते. पहिल्याच चुकीला टेस्ट थांबली की पुढच्या वीस तपासण्या राहूनच जायच्या, म्हणून मी नोव्हेंबरात पद्धत बदलली. चूक सापडली तर थांबू नकोस, बाजूला टिपून ठेव, पुढे जा, आणि शेवटी सगळ्या चुका एकदम जाहीर कर. पद्धत चांगली आहे. आजही सगळे वापरतात.

तेव्हा कुमुदताई माझ्या खुर्चीमागे उभ्या राहून कौतुकानं बघत होत्या. त्यांनी मला एक गोष्ट विचारली होती. लॅबमध्ये म्हणे रोज सकाळी यंत्र सुरू केलं की आधी कंट्रोल लावायचे. उत्तर आधीच माहीत असलेले दोन नमुने, एक धडधाकट माणसाचा आणि एक आजारी. आजारी नमुन्याला यंत्रानं ठीक म्हटलं, तर त्या यंत्रावर त्या दिवशी एकाही पेशंटचं रक्त लावायचं नाही. "तुझ्या टेस्टला असं मुद्दाम चुकीचं काही दाखवून बघितलंस का रे? ती ओरडते का?" मी म्हटलं, ताई, हे काय रक्ताचं मशीन आहे का? बघतो, बघतो. आणि विसरून गेलो.

तर मीटिंग. कुमुदताईंनी चौथ्यांदा वय बदललं. रिपोर्ट पुन्हा बरोबर आला. त्यांच्या वरच्या ओठावर घाम आला होता. सबनीस तसे सभ्य माणूस. ते अगदी हळू आवाजात म्हणाले, की ताई, चार दिवस आकडे बघून कुणाचेही डोळे थकतील, त्यात वाईट वाटून घेऊ नका. चष्म्याचा नंबर एवढ्यात तपासला होता का, असंही त्यांनी विचारलं.

"तपासलाय. दिवाळीत," त्या म्हणाल्या.

इथे मी गप्प बसलो असतो तरी चाललं असतं. पण मला मदत करायची होती. त्यांना यातून अलगद बाहेर काढायचं होतं, असं मी तेव्हा स्वतःला समजावलं. मी म्हणालो, "ताई, तुम्ही दोन वेगळ्या पेशंटचे रिपोर्ट पाहिले असतील. नावं सारखी असली की होतं असं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. राग नव्हता. त्या मनापासून आठवायचा प्रयत्न करत होत्या, की खरंच तसं झालं असेल का. त्यांच्या आईला साठीनंतर विस्मरण झालं होतं, शेवटी घरातली माणसंही ओळखू यायची नाहीत. हे त्यांनीच मला एकदा डबा खाताना सांगितलं होतं. आपलंही तसं होईल याची त्यांना फार भीती होती.

"असेल," त्या म्हणाल्या. "मला तर दिसलं होतं. पण असेल तसं."

त्यांनी वहीतलं ते पान उघडलं आणि स्वतःच लिहिलेल्या तीन नोंदींवर निळी रेघ मारली. अठ्ठावीस वर्षांत आपली नोंद आपणच खोडल्याचं त्यांना आठवत नव्हतं, असं त्या उठताना म्हणाल्या. शर्वरी खिडकीबाहेर बघायला लागली. जानेवारीच्या शेवटच्या शुक्रवारी आम्ही त्यांना एक शाल आणि पैठणीच्या काठाची पर्स दिली. त्यांचे मिस्टर, आहेर सर, स्कूटरवर न्यायला आले होते. चित्रकलेचे रिटायर्ड शिक्षक, हसरा माणूस. मला म्हणाले, "तुझ्या मशीननं आमची बाई घरी पाठवली, बरं केलंस. आता मला गरम पोळी मिळेल." सगळे हसले. कुमुदताईही हसल्या.

त्यानंतर अकराव्या दिवशी एका मोठ्या हॉस्पिटलची माणसं आमचं काम बघायला येणार होती. साहेब म्हणाले, नुसतं हिरवं दाखवू नकोस, एखादी टेस्ट फसताना कशी दिसते तेही दाखव. मी एका टेस्टमध्ये मुद्दाम चुकीचं उत्तर लिहिलं. क्रिएटिनिन पाचशे यायला हवं, असं. टेस्ट चालवली. हिरवी. मला वाटलं, फाइल सेव्ह झाली नसेल. परत चालवली. परत हिरवी. मग मी पाचशेच्या जागी माझं नाव लिहिलं. क्रिएटिनिन मिहीर यायला हवं. टेस्ट तरीही पास झाली.

पाच मिनिटांत सापडलं. चुका टिपून ठेवायच्या आणि शेवटी जाहीर करायच्या, ही माझी पद्धत. त्यातली जाहीर करायची ओळच नव्हती. नोव्हेंबरात कोडची साफसफाई करताना मीच ती एका फाइलमधून काढली होती, दुसरीकडे टाकायची म्हणून, आणि टाकलीच नव्हती. एक ओळ. अडीच महिने टेस्ट चुका पकडत होत्या, इमानदारीत टिपत होत्या आणि काम संपलं की ती टिपणं फेकून देत होत्या. फक्त पहिल्या पायरीलाच सॉफ्टवेअर बंद पडलं असतं तर लाल दिसलं असतं. एरवी काहीही झालं तरी चारशे बारापैकी चारशे बारा.

मी ती ओळ टाकली आणि सगळ्या टेस्ट पुन्हा चालवल्या. सतरा लाल फुल्या आल्या. त्यातल्या दोन वयाच्या दुरुस्तीच्या.

शर्वरीनं दुपारपर्यंत कारण शोधलं. एकच रिपोर्ट दोन कॉम्प्युटरवर उघडा असेल, तर एकीकडे वय बदललं तरी सॉफ्टवेअर दुसरीकडचं जुनंच वय धरून बसायचं आणि त्यावरूनच छापायचं. माझ्या टेस्ट एकाच वेळी अनेक चालायच्या, म्हणून त्यांना ते सापडत होतं. आणि कुमुदताईंना सापडायचं, कारण त्यांची लॅबमधली सवय. शेजारच्या रिकाम्या कॉम्प्युटरवर त्याच पेशंटचा दुरुस्तीआधीचा रिपोर्ट उघडा ठेवायचा, आणि त्याच्याशी ताडून बघत आपल्या कॉम्प्युटरवर नवा तपासायचा. मीटिंग रूममध्ये रिपोर्ट एकाच कॉम्प्युटरवर उघडा होता. तिथे ती चूक जन्मात दिसली नसती.

ते व्हर्जन तोवर तीनच लॅबमध्ये गेलं होतं. आम्ही त्यांचे सगळे रिपोर्ट तपासले, चुकलेला एकही नव्हता. दुसऱ्या दिवशी दुरुस्ती पाठवली. सबनीसांना मी सगळं खरं सांगितलं, हे माझ्या बाजूनं नमूद करतो. त्यांनी दार लावून घेतलं आणि म्हणाले, की झालं ते झालं, सुटलोय थोडक्यात, आता तू ती ओळ जपून ठेव. मी विचारलं, कुमुदताईंना कळवायचं का? त्यांनी टेबलावरचे कागद सारखे केले. मग म्हणाले, त्यांना परत तर घेता येणार नाही. मग उगाच कशाला जखम उकरायची? त्या आता घरी रुळल्या असतील.

मला हे पटलं. किती पटकन पटलं याची आजही लाज वाटते.

एप्रिलमध्ये कॉलेज रोडला द्राक्षं घेताना त्या अचानक भेटल्या. आहेर सर थोड्या अंतरावर स्कूटरवरच बसून होते, मी हात केला, त्यांनीही केला. मी विचारलं, काय चाललंय, दुसरीकडे कुठे लागलात का? त्या म्हणाल्या, त्यांच्या कॉलनीत एक डॉक्टर रक्त गोळा करण्याचं सेंटर काढत होते, चालवायला कुमुदताईंनाच विचारलं होतं. घरापासून चालत पाच मिनिटांवर.

"मग?"

"नाही म्हटलं मी. लोकांच्या रक्ताचं काम आहे, मिहीर. एका नळीवर दुसऱ्याचं नाव लागलं तर? ऑफिसात तू होतास सांगायला. तिथं कोण सांगणार?"

त्या हे सहज बोलल्या, द्राक्षांचा घड उलटा करून बघत. मला तेव्हाच सांगता आलं असतं. तिथल्या तिथे, पिशवी हातात धरून, दोन वाक्यांत. ताई, तुमचं बरोबर होतं, चूक माझी होती. वाक्य अगदी जिभेवर आलं होतं. पण त्यांनी विचारलं असतं, कधी कळलं, आणि मला फेब्रुवारी म्हणावं लागलं असतं. मग दोन महिने काय करत होतास, हेही त्यांनी विचारलं असतं. मी म्हणालो, पुढच्या आठवड्यात घरी येतो, निवांत बोलू. त्या म्हणाल्या, ये ना, नक्की ये. आहेर सरांनी हॉर्न वाजवला आणि त्या गेल्या.

मी गेलो नाही. पुढच्या आठवड्यात नाही आणि त्याच्या पुढच्याही नाही. मला बढती मिळाली, हाताखाली चार जण आले. त्या चौघांना मी पहिल्या दिवशी हेच शिकवायचो, की टेस्ट लिहिली की आधी ती मुद्दाम फसवून बघायची. हे कुठे शिकलास म्हणून कुणी विचारलं तर सांगायचो, अनुभवातून.

डिसेंबरात शर्वरीचा फोन आला, आहेर सर गेले. आतड्याचा कॅन्सर. कळलं तेव्हा फार पसरला होता, चार महिन्यांत आटोपलं. मी पंधराव्या दिवशी त्यांच्या घरी गेलो. दार त्यांच्या मुलीनं उघडलं, पूर्वानं. ती पुण्याहून आली होती. हॉलमध्ये सरांचा फोटो, खाली समई, आणि भिंतीवर त्यांनीच काढलेली गोदाघाटाची चित्रं. कुमुदताई चटईवर भिंतीला टेकून बसल्या होत्या. खूप वाळल्या होत्या. मी समोर बसलो. पूर्वाच बोलत होती. ती म्हणाली, बाबांचं हिमोग्लोबिन साडेपाचावर आलं होतं. आतल्या आत महिनोन्महिने रक्त जात होतं. डॉक्टर म्हणाले, तीन-चार महिने आधी आला असतात तर ऑपरेशन करता आलं असतं.

"आईनं आयुष्यभर हेच काम केलं," ती म्हणाली, "आणि घरातलंच तिला दिसलं नाही." आवाजात आरोप होता, आणि तो केल्याचं वाईटही वाटत होतं. ती चहा टाकायला आत गेली.

मग मी सांगितलं. माझ्या मनात होतं की या बाईला निदान एवढं तरी परत द्यावं. तिचे डोळे बरोबर होते, एवढं. दुःखात तिला तेवढाच आधार होईल, असं वाटलं. खरं तर मलाच तो दगड खाली ठेवायचा होता. ती गाळलेली ओळ, सतरा फुल्या, दोन कॉम्प्युटर, सगळं सांगितलं. मीटिंगमध्ये मी जे बोललो त्याची माफी मागितली.

"म्हणजे चांदणी आली नव्हती," त्या म्हणाल्या.

"नव्हती आली. तिन्ही वेळा तुमचं बरोबर होतं."

"तुला कधी कळलं?"

"फेब्रुवारीत. तुम्ही गेल्यावर अकरा दिवसांनी."

त्या मान खाली घालून बसल्या. रडतील असं मला वाटलं, पण रडल्या नाहीत. आतून कपबश्यांचा आवाज येत होता. त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे एकदा पाहिलं आणि आवाज खाली घेतला.

"यांच्या पापणीच्या आत मला गुढीपाडव्याला फिकट दिसलं," त्या म्हणाल्या. "अभ्यंग करताना. नखंही पांढरी वाटली. आपण बाजारात भेटलो ना, तेव्हा मी रोज बघत होते. सकाळी उठल्याबरोबर उजेडात बघायचे. एरवी मी त्यांना हात धरून लॅबमध्ये नेलं असतं, एवढं स्वच्छ दिसत होतं. पण म्हटलं, आपल्याला हल्ली नसलेलं दिसतं. उगाच घर डोक्यावर घ्यायचं, टोचायचं, आणि रिपोर्ट चांगला आला की परत सगळ्यांनी समजावायचं. म्हणून बोलले नाही. ऑगस्टमध्ये ते जिन्यात पडले, तेव्हा नेलं."

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. त्यांनी हातानं थांबवलं.

"पूर्वाला वाटतंय मला दिसलंच नाही. ते तसंच राहू दे. दिसलं नाही म्हणून ती मला कधीतरी माफ करेल. दिसलं होतं आणि गप्प बसले, हे तिला कळता कामा नये. तू जे आता सांगितलंस, ते तिला सांगितलंस तर ती पुढचं विचारेल. हुशार आहे. म्हणून कुणालाच सांगू नकोस. कबूल कर."

मी मान हलवली.

"तोंडानं म्हण."

"नाही सांगणार, ताई."

पूर्वा ट्रे घेऊन बाहेर आली. तिनं आधी आईकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. माझे डोळे भरलेले तिला दिसले असणार.

"काय झालं?" तिनं विचारलं. "काय म्हणतोय हा?"

कुमुदताईंनी तिच्या हातातला कप घेऊन माझ्यापुढे ठेवला.

"काही नाही गं," त्या म्हणाल्या. "माझं ऑफिसात काय चुकायचं, ते आठवत होतो."